वार्धक्य हे निदान नव्हे : डॉ. मार्जोरी वॉरन

पिंपरी-चिंचवड ही कामगारांची नगरी म्हणून ओळखली जाते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आले, त्यांच्यामागून शेकडो लहान कारखाने उभे राहिले. मराठवाडा, खानदेश, कोकण, सातारा-सांगली अशा चारी दिशांनी तरुण येथे आले, यंत्रांवर तीन पाळ्यांत राबले आणि येथेच स्थायिक झाले. विशी-पंचविशीत आलेले ते तरुण आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुले चाकण, तळेगाव, हिंजवडीच्या वाटेला लागली आहेत. दिवसभर घरात उरतात ते म्हातारा-म्हातारी, आणि पुष्कळदा त्या दोघांपैकी एकच.

अशा घरांत पाय लटपटू लागले, तोल जाऊ लागला, विसर पडू लागला की सारे जण एकाच उत्तरावर येऊन थांबतात : वय झाले, आता असे व्हायचेच. हे उत्तर घरचे देतात, शेजारी देतात, कधी डॉक्टरही देतात. मग माणूस अंथरूण धरतो आणि ते अंथरूण पुन्हा सुटत नाही. वय हे रोगाचे कारण होऊ शकत नाही, वृद्धालाही तरुणाइतक्याच काटेकोर तपासणीचा आणि उपचाराचा अधिकार आहे, हे ज्यांनी रुग्णालयाच्या वॉर्डात प्रत्यक्ष करून दाखविले, त्या लंडनच्या डॉ. मार्जोरी वॉरन. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची जननी म्हणून वैद्यकविश्व त्यांना ओळखते. त्यांना जाऊन सहा दशके उलटली. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. मात्र त्यांच्या कामाची गरज आज आपल्या दारात येऊन उभी आहे.

जडणघडण

मार्जोरी वॉरन यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील होते आणि पाच बहिणींत मार्जोरी थोरल्या. मुलींच्या शिक्षणासाठी नावाजलेल्या नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. त्यानंतर त्यांनी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये प्रवेश घेतला. मराठी वाचकाला या संस्थेचा एक धागा जवळचा वाटेल. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात झुंज देणाऱ्या डॉ. रखमाबाई १८८९ साली याच संस्थेत वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या होत्या. स्त्रियांना वैद्यकाची दारे बंद असण्याच्या काळात त्या दारांवर धडक देण्यासाठीच ही संस्था १८७४ मध्ये निघाली होती.

१९२३ साली वॉरन डॉक्टर झाल्या. सुरुवातीची काही वर्षे इतरत्र उमेदवारी करून १९२६ मध्ये त्या पश्चिम लंडनच्या आयलवर्थ येथील रुग्णालयात रुजू झाल्या. हेच रुग्णालय पुढे वेस्ट मिडलसेक्स म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता आणि तेथे त्यांनी त्या मोठ्या प्रमाणावर केल्याही. पाच वर्षांत त्या उपवैद्यकीय अधीक्षक झाल्या. वृद्धांच्या सेवेत आयुष्य घालवायचे, असा काही संकल्प त्यांनी सोडलेला नव्हता. ते काम त्यांच्याकडे प्रशासकीय फेरबदलाने चालून आले.

गरीबगृहाचा वारसा

इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्याने गावोगावी वर्कहाउस, म्हणजे गरीबगृहे उभी राहिली. निराधारांना निवारा मिळावा. पण तो इतका रूक्ष असावा की हातीपायी धड माणसाने तेथे येऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता. कालांतराने धडधाकट माणसे तेथून गेली आणि उरले ते म्हातारे, पांगळे, मनोरुग्ण आणि अनाथ. पुण्यातही त्याच शतकात डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह उभे राहिले, ते दानशूर व्यक्तीच्या करुणेतून. इंग्लंडच्या गरीबगृहाला मात्र शिक्षेचा वास होता. तेथे मरण येणे ही सामान्य कुटुंबाला बेअब्रू वाटत असे.

१९२९ च्या कायद्याने ही गरीबगृहे स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात देण्याची वाट मोकळी झाली. त्यानुसार १९३५ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे गरीबगृह आपल्याकडे घेतले आणि त्याची जबाबदारी डॉ. वॉरन यांच्यावर सोपविली. त्यांच्या पदरी एकाएकी ७१४ खाटांचा दीर्घकालीन रुग्णांचा विभाग आला. इतर डॉक्टरांच्या दृष्टीने ही अडगळ होती. बरे होण्याची आशा सुटलेल्यांना तेथे ठेवायचे, खाऊपिऊ घालायचे आणि शेवटची वाट पाहायची, एवढेच तेथील काम समजले जाई.

डॉ. वॉरन यांनी पाहिले ते असे. लांबच लांब, काळवंडलेल्या भिंतींच्या खोल्या. खाटेला लावलेले कठडे. सर्व वयांचे, सर्व आजारांचे रुग्ण एकाच ठिकाणी कोंबलेले. पक्षाघात झालेल्या वृद्धाशेजारी मनोभ्रंश झालेली वृद्धा, तिच्याशेजारी केवळ सांधे धरलेला आणि डोक्याने पूर्ण शाबूत असलेला माणूस. अनेकांची नीट वैद्यकीय नोंद नव्हती. कुणाला नेमके काय झाले आहे हे कोणी तपासले नव्हते, कारण तपासून उपयोग नाही असे आधीच ठरून गेले होते.

एकेका खाटेपाशी

यावर त्यांनी योजलेला उपाय वरकरणी अगदी साधा होता. त्यांनी प्रत्येक रुग्णाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी सुरू केली. शेकडो रुग्ण, एकेक करून. आजार कोणता, तो बरा होण्याजोगा आहे का, हा माणूस अंथरुणावर का आहे, त्याला उठविले तर काय होईल, घरी कोण आहे, घरी जायची त्याची इच्छा आहे का, हे सारे नोंदविले जाऊ लागले.

या तपासणीतून जे बाहेर आले, त्याने वैद्यकाच्या एका जुन्या समजुतीला तडा गेला. कित्येक रुग्ण आजारामुळे अंथरुणाला खिळलेले नव्हते. अंथरुणावर ठेवल्यामुळे आजारी झाले होते. कधी काळी मोडलेले हाड जुळून आले होते, तापाचा आजार ओसरला होता. परंतु उठायला कोणी सांगितले नाही म्हणून ते पडूनच राहिले. न हलविलेले गुडघे वाकलेल्या स्थितीत आखडले. पावले खाली झुकून ताठ झाली. स्नायू वाळले, पाठीला शय्याव्रण झाले, मलमूत्रावरचा ताबा गेला. मग या साऱ्यालाच वार्धक्य असे नाव मिळाले.

डॉ. वॉरन यांनी रुग्णांची पाच गटांत विभागणी केली. उठूबसू शकणारे एका गटात. अंथरुणावर असूनही मलमूत्रावर ताबा असलेले दुसऱ्या गटात, तो नसलेले तिसऱ्या गटात. विसर पडणारे, गोंधळणारे, पण इतरांना उपद्रव न देणारे चौथ्यात; आणि ज्यांना स्वतंत्रच ठेवावे लागेल असे मनोभ्रंशाचे रुग्ण पाचव्यात. ही विभागणी म्हणजे केवळ व्यवस्थेची सोय नव्हती. प्रत्येक गटाची गरज वेगळी, म्हणून परिचर्या वेगळी आणि ध्येयही वेगळे, हे तत्त्व तिच्यामुळे रुजले.

वॉर्डाचे रूपही पालटले. भिंतींना फिका, प्रसन्न रंग आला. प्रकाशाची सोय सुधारली, आधारासाठी कठडे बसले, बसण्यासाठी हातांच्या खुर्च्या आल्या, रेडिओ ऐकण्यासाठी कानाला लावायची साधने आली. चादरी आणि पांघरुणांना रंग मिळाला. ज्या खोलीकडे पाहूनच जगण्याची उमेद संपते, त्या खोलीत औषध लागू पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. परिचारिकांवरही याचा परिणाम झाला. जेथे केवळ अंथरुणे बदलण्याचे काम होते, तेथे आता माणूस उभा राहताना पाहण्याचा आनंद मिळू लागला.

उठण्याचे शास्त्र

पक्षाघाताच्या रुग्णांवर त्यांनी विशेष लक्ष दिले. पक्षाघाताने अर्धे अंग गेलेला वृद्ध म्हणजे कायमचा अंथरुणाचा धनी, अशी तेव्हा समजूत होती. डॉ. वॉरन यांच्या पद्धतीत उपचार पहिल्या दिवसांपासून सुरू होई. हात-पाय योग्य स्थितीत ठेवायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत. प्रकृती स्थिर होताच रुग्णाला काठावर बसवून तोल सांभाळायला शिकवायचे. मग आधाराने उभे करायचे, मग पावले टाकायला लावायची. पायात चांगली बसणारी पादत्राणे हवीत, अंगावर रुग्णालयाचा झगा नको, स्वतःचे कपडे हवेत, ही त्यांची दृष्टी होती. जो माणूस सकाळी कपडे घालून खुर्चीत बसतो, तो स्वतःला रुग्ण समजणे हळूहळू सोडून देतो. पाय कापावा लागलेल्या वृद्धांनाही चालते करता येते, हेही त्यांनी दाखवून दिले.

हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हे, हेही त्यांनी ठामपणे मांडले. डॉक्टर, परिचारिका, व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ, हातांना आणि मनाला उद्योग देणारे तज्ज्ञ, घरची परिस्थिती पाहणारे समाजसेवक, या सर्वांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाविषयी निर्णय घ्यावा, अशी रीत त्यांनी घातली. आजच्या रुग्णालयांत ज्याला सांघिक उपचारपद्धती म्हणतात, तिची एक महत्त्वाची पायवाट येथून निघाली.

याचे फळ आकड्यांत दिसले. रुग्णांची ये-जा तिपटीने वाढली. कित्येक जण घरी गेले, काही वृद्धनिवासांत राहू लागले. ७१४ खाटांच्या जागी २४० खाटा पुरेशा ठरल्या. मोकळ्या झालेल्या खाटा क्षयरोग्यांच्या उपचारासाठी देण्यात आल्या. सगळेच बरे झाले असे मात्र नव्हे. काहींचे आजार हाताबाहेर गेलेले होते, काहींना घरच उरले नव्हते. अशांसाठी दीर्घ परिचर्येची गरज राहणारच, आणि ती परिचर्याही प्रतिष्ठेची असावी, ही भूमिका त्यांनी कधी सोडली नाही.

लेखणी आणि संघटना

केवळ आपला वॉर्ड सुधारून त्या थांबल्या असत्या, तर एका रुग्णालयाच्या इतिहासापुरतेच त्यांचे नाव उरले असते. महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी लेख लिहिला. दीर्घकालीन रुग्णांवर सर्वसाधारण रुग्णालयाच्याच आवारात, स्वतंत्र विभागात उपचार व्हावेत, हे त्याचे सूत्र होते. १९४६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी हा विचार अधिक विस्ताराने मांडला. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. क्ष-किरण, प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञ या सोयी जेथे आहेत, तेथेच वृद्धाचे खरे निदान होईल. वैद्यकीय विद्यार्थी आणि परिचारिका तेथेच शिकतात, तेव्हा त्यांनाही हा विषय शिकायला मिळेल. संशोधनही तेथेच होईल. वृद्धांना गावाबाहेरच्या इमारतीत पाठविले, तर त्यांच्याबरोबर हे ज्ञानही गावाबाहेर जाईल.

वृद्धांच्या वैद्यकाला जेरियाट्रिक्स हे नाव त्यांनी दिलेले नाही. ते १९०९ साली अमेरिकेत डॉ. इग्नाट्झ नॅशर यांनी दिले. आपल्याकडे तर आयुर्वेदाने आपल्या आठ अंगांत जरा अर्थात रसायन या अंगाला फार पूर्वीच स्थान दिले होते. विचार जुना होता, नावही होते. नव्हते ते आधुनिक रुग्णालयातील चालते-बोलते उदाहरण. ते वॉरन यांनी पुरविले. १९४७ साली डॉ. ट्रेव्हर हॉवेल यांच्या पुढाकाराने मोजक्या डॉक्टरांनी वृद्धांच्या वैद्यकीय सेवेसाठी संघटना स्थापन केली, तीत वॉरन होत्या. हीच संघटना १९५९ पासून ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिच्यात वृद्धवैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून जागा मिळाली.

वाट सोपी नव्हती. नामांकित रुग्णालयांतील तज्ज्ञांना हे काम दुय्यम दर्जाचे वाटे. ज्या विषयात ना चमकदार शस्त्रक्रिया, ना धनिक रुग्ण, त्यात करिअर कोण करणार, हा प्रश्न हुशार तरुण डॉक्टरांपुढे होता. तरीही डॉ. लायोनेल कोसिन यांच्यासारखे सहकारी मिळाले. कोसिन यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर चालते केले आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये दिवसा उपचार घेऊन संध्याकाळी घरी जाण्याची रुग्णसेवा उभी केली. डॉ. वॉरन यांनी आंतरराष्ट्रीय पातळीवरही वार्धक्यशास्त्राच्या संघटनेसाठी काम केले. त्यांच्या वॉर्डाला भेट देण्यासाठी देशोदेशीचे डॉक्टर येत.

सप्टेंबर १९६० मध्ये जर्मनीतील एका परिषदेला जात असताना फ्रान्समध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय होते ६२. ज्या वार्धक्याला त्यांनी मान मिळवून दिला, ते त्यांच्या स्वतःच्या वाट्याला पुरतेपणी आलेच नाही. त्यांनी विवाह केला नव्हता. रुग्णालय हाच त्यांचा संसार होता.

काळाची साक्ष

वॉरन यांनी जे अनुभवातून सांगितले, ते पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायू झिजला. २०१७ मध्ये नऊ देशांतील २९ चाचण्यांचा आणि १३ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. ज्या वृद्धांची रुग्णालयात सर्वांगीण तपासणी आणि सांघिक उपचार झाले, ते पुढे स्वतःच्या घरी राहत असण्याची शक्यता अधिक होती, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

भारतात ही शाखा उशिरा आली. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात १९७८ मध्ये वृद्धवैद्यकाचा विभाग सुरू झाला आणि १९९६ मध्ये तेथे पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. केंद्र सरकारने २०१०-११ पासून ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यात जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांचा स्वतंत्र विभाग ठेवण्याची योजना आहे. गरज त्याहून कितीतरी मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे दहा कोटींवर होती. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण जवळपास दहा टक्के होते, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक.

येथे पिंपरीशी एक विलक्षण नाते जुळते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते; आज ते सत्तरच्या घरात आहे. या वाढीत प्रतिजैविकांचा वाटा मोठा आहे, आणि देशातील पेनिसिलीनचा पहिला सरकारी कारखाना पिंपरीतच उभा राहिला. ज्या नगरीने देशाला दीर्घायुष्याचे एक साधन दिले, तिच्यावर आता ते दीर्घायुष्य सुसह्य करण्याची जबाबदारी आली आहे.

त्यासाठी प्रत्येक वेळी मोठे रुग्णालय लागते असे नाही. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न्हाणीघरात धरायला आडवा दांडा, रात्री पायाखाली पुरेसा उजेड, चष्म्याची आणि कानाची वेळेवर तपासणी, औषधांच्या चिठ्ठ्यांचा वर्षातून एकदा डॉक्टरांकडून फेरआढावा, या घरगुती गोष्टी आहेत. रुग्णालयातून घरी सोडताना आजी-आजोबा चालू शकतात का, स्वतः उठून बसू शकतात का, हे विचारणे नातेवाइकांच्या हाती आहे. अचानक आलेला गोंधळ किंवा अचानक वाढलेले पडणे याला वय कारण नसते. त्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, औषधाचा दुष्परिणाम असू शकतो, क्षारांचे बिघडलेले प्रमाण असू शकते, आणि यांतील पुष्कळ गोष्टी बऱ्या होतात. वॉर्डातल्या एकेका खाटेपाशी जाऊन डॉ. वॉरन यांनी हेच शोधले होते.

दरवर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा तिच्यासोबत सत्तरी ओलांडलेले कितीतरी वारकरी चालत असतात. देहूपासून पंढरपूरपर्यंतचा तो पल्ला अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यांना कोणी वयाची आठवण करून देत नाही, कारण त्यांच्यापुढे जायचे ठिकाण आहे आणि सोबतीला माणसे आहेत. डॉ. वॉरन यांनी पंढरीची वारी पाहिली नव्हती. तरीही आयलवर्थच्या काळवंडलेल्या वॉर्डात त्यांनी आपल्या रुग्णांना याच दोन गोष्टी दिल्या : उठून जाण्यासारखे एखादे ठिकाण आणि हात धरणारी माणसे. आपल्या घरात कोणी अंथरूण धरले असेल, तर वय झाले असे म्हणण्याआधी त्यांच्या नावे एवढे जरी तपासून पाहिले, तरी या डॉक्टरबाईंचे ऋण थोडेफार फिटेल.